उरलेले एकवीस किलोमीटर

(आधी रेकॉर्ड झालं, मग लिहून काढलं. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून काही वाक्यं जुळवून घेतली आहेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

नागपूरहून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येईल, तो बंद करता येणार नाही. नागपूर तुम्हाला ठाऊक आहे.

आज एका शर्यतीची गोष्ट सांगणार आहे. आधीच सांगून टाकतो, ती शर्यत मी पूर्ण केलेली नाही. त्यामुळे शेवटी मेडल गळ्यात घालून रडलो वगैरे असं काही येणार नाही. रडलो, पण ते वेगळ्या कारणानं.

२०२३ च्या जून महिन्यात मी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला गेलो होतो, कॉम्रेड्स मॅरेथॉन पळायला. म्हणायला मॅरेथॉन, पण नेहमीची मॅरेथॉन ४२ किलोमीटरची असते, ही जवळपास तिच्या दुप्पट आहे. पीटरमॅरित्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांमधला रस्ता. एका वर्षी इकडून तिकडे, पुढच्या वर्षी तिकडून इकडे. डर्बन समुद्रावर आहे आणि पीटरमॅरित्झबर्ग उंचावर, म्हणून एकाला 'अप रन' म्हणतात आणि दुसरीला 'डाउन रन'. आमच्या वर्षी डाउन होती, ८७.७ किलोमीटर. नागपूरकरांसाठी सांगायचं तर, इथून पळत वर्ध्याला पोचायचं आणि तिथे थांबायचं नाही, अजून दहाएक किलोमीटर जायचं. वेळ बारा तास. बारा तास झाले की बंदूक वाजते आणि त्यानंतर आलेल्याची नोंद होत नाही.

ही शर्यत सुरू केली व्हिक क्लॅफम नावाच्या माणसानं. रेल्वेचं इंजिन चालवायचा. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून पूर्व आफ्रिकेतून शेकडो मैल चालला होता. युद्धात गेलेल्या सोबत्यांची आठवण राहावी म्हणून काहीतरी असं हवं, ज्यात माणसाचा कस लागेल, असं त्याच्या मनात होतं. २४ मे १९२१ ला पहिली शर्यत झाली. ३४ जण सुटले, १६ पोचले. म्हणजे पहिल्या दिवसापासून अर्ध्याहून जास्त लोक न पोचलेलेच आहेत. हे मी परत आल्यावर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. (हसू)

आता माझं कारण. मी सिकलसेलसाठी पैसे गोळा करायला गेलो होतो.

विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपली तांबडी पेशी गोल, चपटी, लवचिक असते. या आजारात तिच्यातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आणि प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी होते. कडक होते. बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग जिथे अडकेल तिथे वेदना. आणि वेदना म्हणजे कशी? माझी भाची लहान असताना रात्री दोन वाजता उठून ओरडायची, की माझ्या पायात कोणीतरी खिळे ठोकतंय. साधी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मरते, म्हणून रक्त सतत कमी. आई-वडील दोघांकडून दोष आला तर मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणूनच त्याला कळतही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या पट्ट्यात हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. आदिवासींत आहे, बौद्ध समाजात आहे, इतर कितीतरी जातींत आहे. 'आमच्यात नसतो' असं म्हणणारी माणसं मला इतकी भेटली आहेत, आणि त्यातल्या काहींचे रिपोर्ट नंतर मीच पाहिले आहेत. नागपूरच्या संपत रामटेके यांनी याच कामात आयुष्य घातलं, त्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली, तेव्हा पहिल्यांदा बऱ्याच लोकांनी हा शब्द पेपरात वाचला.

तर, माझी भाची एसएस आहे. माझ्या मोठ्या ताईची मुलगी. तेव्हा ती १९ वर्षांची होती, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला. दोघींचंही नाव घेणार नाही. हा भाग मात्र त्या दोघींनी ऐकून, एक वाक्य कापून, मग पास केलाय.

पळण्याचं मला वेड आहेच. २०१५ पासून पळतोय. फुटाळा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी, पहाटेची सगळी कुत्री मला ओळखतात. १५ जानेवारी २०२३ च्या मुंबई मॅरेथॉनला चार तास ३८ मिनिटं लागली. कॉम्रेड्ससाठी पात्रता होती चार तास पन्नासच्या आत. मिळाली. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये तुम्ही पाहिलं असेल, हजारो लोक कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी पळतात, पाठीवर संस्थेचं नाव. मला वाटलं, आपणही असं करू. डर्बनला जातोच आहोत, तर नुसतं मजेसाठी काहून जायचं?

आमचे काका. वय ७८, धरमपेठेत सगळ्यांना सल्ला देणारे. त्यांना सांगितलं. म्हणाले, "अबे, खर्च किती?" म्हटलं, विमान, व्हिसा, राहणं, एंट्री फी, सगळं धरून दोन लाख तीस हजार. "मग ते दोन लाख तीस हजारच देऊन टाक ना संस्थेले. पळाले कायले जातं? तू पळल्यानं कोणाचं रक्त वाढते?"

या प्रश्नाचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होतो. लोक जे उत्तर देतात ते असं, की पळण्यामुळे 'अवेअरनेस' होतो. हा शब्द मला आवडत नाही. त्याची पावती मिळत नाही. मी स्वतःशी एवढं ठरवलं की सहलीला सहल म्हणायचं. दोन लाख तीस हजार माझ्या हौसेचे, माझ्या खिशातले, त्याला दान म्हणायचं नाही. देणगीतला एक रुपया तिकिटाला लागणार नाही. आणि पैसे माझ्या खात्यात येणार नाहीत, सरळ संस्थेच्या खात्यात जातील, पावती संस्था देईल. तुम्ही कधी असं काही करणार असाल तर एवढं नक्की करा. मित्र असले तरी. मित्र असले तर जास्तच.

काही लोकांनी एकदम रक्कम दिली. त्याचे दोन लाख बारा हजार झाले. पण एका मित्रानं टूम काढली की किलोमीटरमागे पैसे देतो. किलोमीटरला पन्नास रुपये. ती कल्पना पसरली. कोणी दहा, कोणी वीस, काकांनी, हो त्याच काकांनी, शंभर. अडतीस लोक झाले, मिळून किलोमीटरला १,४५० रुपये. गुणिले ८७ करा. एक लाख सव्वीस हजार दीडशे. मी वहीत लिहून ठेवलं होतं, मोठ्या अक्षरात. त्या वेळी एकालाही वाटलं नाही की हा गुणाकार कमीही भरू शकतो.

आता मी चुकलो ते सांगतो.

मार्चमध्ये मी व्हॉट्सॲपवर एक मेसेज लिहिला. चांगला लांब. दोन वेळा पाठवूनही लोक उत्तर देत नव्हते. 'सिकलसेल' वाचून लोक पुढे जातात, त्यांना चेहरा हवा असतो. म्हणून तिसऱ्या वेळी मी एक ओळ घातली, की हा आजार मी जवळून पाहिलाय, माझ्या घरातल्याच एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आहे. नाव नाही टाकलं. मला वाटलं, नाव नाही म्हणजे झालं.

मला बहीण एकच. तिला मुलगी एकच. ग्रुपवर चारशे माणसं, त्यातली निम्मी नात्यातली.

संध्याकाळपर्यंत साठ हजार जमले. आणि रात्री ताईचा फोन. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मला विचारलं होतंस का?" आणि ठेवून दिला. मग अडीच महिने ती माझ्याशी बोलली नाही.

तुम्ही म्हणाल, आजार लपवायचा कशाला, हीच तर मानसिकता बदलायची आहे. हे मीही म्हणायचो. भाषणात बोलायला सोपं आहे. एकोणीस वर्षं ताईनं तिला शाळेच्या सहलीला, थंडीत, उन्हात, खेळाच्या तासाला, कसं कसं सांभाळलं, पाण्याची बाटली विसरली तर रिक्षा करून शाळेत नेऊन दिली, आणि कोणाला काय सांगायचं, कधी सांगायचं, हे ती आणि तिची मुलगी मिळून ठरवत होत्या. ते मी एका ओळीत संपवलं. आणि त्याच्या बदल्यात पैसे घेतले. चांगल्या कामासाठी घेतले, हे खरंय. पण घेतले.

आणि अजून एक गोष्ट. ती भाचीनं दाखवून दिली. आठ दिवसांनी ती एकटी घरी आली, कॉलेजमधून. चहा घेतला. मग शांतपणे म्हणाली, "मामा, माझं लिहिलंस. तुझं का नाही लिहिलंस?"

कारण माझा रिपोर्ट फेब्रुवारीतच आला होता. संस्थेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, तुमची तपासणी झालीय का? मी म्हटलं, नाही, मला काय झालंय? ते म्हणाले, तुमची सख्खी बहीण वाहक आहे, मग तुम्ही असण्याची शक्यता किती, तुम्हीच सांगा. आधी सोल्युबिलिटीची तपासणी केली, पॉझिटिव्ह, मग इलेक्ट्रोफोरेसिस. मी एएस. वयाच्या ४४ व्या वर्षी कळलं. बायकोचा रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून मुलाची ती मोठी भीती नव्हती. आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. कशाला सांगायचं, काही त्रास तर नाही, असं मनाशी म्हटलं. खरं कारण साधं होतं. ऑफिसात लोक काय म्हणतील.

भाचीला ते बायकोकडून कळलं होतं.

डॉक्टरांनी पळायला मनाई केली नाही. वाहक माणसं खेळतात, पळतात, त्यात काही विशेष नाही. पण त्यांनी बजावलं होतं, की फार ताण, ऊन आणि शरीरातलं पाणी कमी होणं, हे तिन्ही एकत्र आलं तर वाहकालाही धोका होऊ शकतो, क्वचित, पण होतो. स्नायूंना इजा होते, मूत्रपिंडावर येतं. अमेरिकेत कॉलेजातल्या खेळाडूंची म्हणूनच तपासणी करतात. म्हणाले, पाय दुखले तर पळा, पण पाय दुखत नाहीत, नुसते उचलले जात नाहीत, असं झालं तर थांबा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

सरावाचं जास्त सांगत नाही, सगळ्या पळणाऱ्यांचं सारखंच असतं. एप्रिल-मेमध्ये नागपुरात पहाटे साडेतीनला निघायचं, सातच्या आत घरी, नाहीतर डोकं तापतं. पण एक गंमत सांगतो. नागपूर सपाट. चढाचा सराव कुठे करणार? म्हणून तीन वेळा चिखलदऱ्याला गेलो. परतवाड्याकडून घाट पळत चढायचो, वर पोचलो की टपरीवर चहा आणि खाली मित्राच्या गाडीत बसून. तिन्ही वेळा. उतार काय, तो तर कोणीही उतरेल! आणि माझी शर्यत होती डाउन रन. (हसू) इतका शहाणा माणूस मी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो. नागपूर, मुंबई, दुबई, डर्बन. इथे ४४ डिग्री, तिथे हिवाळा. ज्या घरी उतरलो त्या मावशी निवृत्त नर्स, तमिळ वंशाच्या, तिथली चौथी पिढी. नोव्हेंबर १८६० मध्ये मद्रासहून पहिलं जहाज गिरमिटिया मजूर घेऊन डर्बनला लागलं, त्यानंतर उसाच्या मळ्यांत काम करायला जी माणसं येत गेली, त्यांपैकी कोणीतरी त्यांचे पणजोबा. त्यांना तमिळ येत नाही, पण सांबार येतं. पहिल्या रात्री त्यांनी बनी चाऊ खायला घातलं. पावाची अर्धी लादी कोरायची आणि त्यात रस्सा भरायचा. माझ्यासाठी राजम्याचा. चांगला होता. सावजी रस्सा त्यात भरला तर काय होईल, असा विचार मात्र मनात आला.

मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, की मी सिकलसेलसाठी पळतोय, आफ्रिकेतही हाच आजार आहे, म्हणून इथे पळण्याला अर्थ आहे. हे मी माझ्या मेसेजमध्येही लिहिलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, अरे, मी इतकी वर्षं वॉर्डात काढली, इथल्या झुलू लोकांत हा आजार फार क्वचित. जे पेशंट पाहिले ते बहुतेक काँगोहून आलेले. म्हणजे आफ्रिका म्हणजे एक गाव समजून मी बोलत होतो. नंतर नीट वाचलं. हा दोष तिथे टिकला जिथे मलेरिया होता. वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, ॲलिसन नावाच्या डॉक्टरानं पूर्व आफ्रिकेत काम करून १९५४ ला हे दाखवलं. म्हणून पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत तो जास्त, दक्षिणेच्या टोकाला कमी. आणि आपल्याकडे तो आफ्रिकेतून आलेला नाही, आपला वेगळा उगम मानतात. म्हणजे जंगल, डास आणि ताप, यांनी दोन ठिकाणी एकच युक्ती शोधली. माझ्या शरीरातला हा दोष म्हणजे माझ्या कुठल्यातरी पणजीला मलेरियातून वाचवल्याची पावती आहे. हे कळल्यावर मला रिपोर्टची लाज वाटायची थोडी कमी झाली, खरंच सांगतो.

७ जूनला पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर जाऊन आलो. १८९३ मध्ये याच तारखेला गांधीजींना तिथे गाडीतून उतरवलं होतं. बरोबर १३० वर्षं झाली होती. सेवाग्राम आमच्यापासून दीड तासावर, दर दोन वर्षांनी पाहुण्यांना घेऊन जातोच. पण तो फलाट पाहिला आणि पहिली गोष्ट जाणवली ती थंडीची. पुस्तकात वाचलेली थंडी वेगळी. जूनमध्ये तिथे रात्री हातपाय आखडतात, हे नागपूरच्या माणसाला जून म्हटल्यावर सुचतच नाही.

११ जून, रविवार. पहाटे सिटी हॉलसमोर हजारो माणसं, अंगावर जुने स्वेटर, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. स्वेटर वाटेत काढून टाकायचे, ते नंतर गरजूंना जातात. सुरू होण्याआधी राष्ट्रगीत, मग 'शोशोलोझा' हे मजुरांचं गाणं, सगळे एकत्र म्हणतात. मग कोंबड्याची बांग. खरा कोंबडा नाही. पूर्वी एक धावपटू अशी बांग द्यायचा, त्याचंच रेकॉर्डिंग वाजवतात. मग बंदूक. साडेपाच.

पहिले चाळीस किलोमीटर मी मजेत होतो. अंधार, मग उजेड, उसाचे मळे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेगड्या पेटवून बसलेली कुटुंबं. पाणी बाटलीत नाही, छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, दातानं फोडायची. मिठातले उकडलेले बटाटे. आणि संत्र्याच्या फोडी! एका आजीनं फोड हातात दिली तर मी म्हटलं, मी संत्र्यांच्याच गावचा आहे. तिला काही कळलं नाही, तिनं अजून दोन दिल्या. आमच्यापेक्षा गोड नव्हती. असती तरी सांगितलं नसतं.

इंचांगाच्या चढावर एथेम्बेनी नावाची शाळा आहे. दिव्यांग आणि दृष्टिहीन मुलांची. एथेम्बेनी म्हणजे झुलूमध्ये आशेची जागा. ती मुलं दर वर्षी रस्त्याला येऊन बसतात, व्हीलचेअरवर, कुबड्या घेऊन, आणि हात पुढे करतात. प्रत्येक धावपटू हाताला हात लावत जातो. मी पण लावत गेलो. त्याच सुमाराला कोणीतरी ओरडलं की पहिला नंबर पोचला, टेटे डिजाना, पाच तास १३ मिनिटं ५८ सेकंद, नवा विक्रम. मी अजून अर्ध्यात नव्हतो.

मध्यावर ड्रमंड. तिथे रस्त्याकडेला दरडीत एक बैठकीसारखा खळगा आहे, पूर्वीचा विजेता आर्थर न्यूटन तिथे बसायचा म्हणतात. त्याला 'गुड मॉर्निंग आर्थर' म्हणून फूल वाहिलं तर पुढचा अर्धा रस्ता बरा जातो. मी वाहिलं. आर्थरला मराठी माणूस पटला नसावा.

कारण मग उतार आला. फील्ड्स हिल. सलग तीन किलोमीटर उतार, आणि तोही तेव्हा, जेव्हा साठ किलोमीटर पायात आहेत. दुपारचं ऊन. मांड्या आधी दुखत होत्या. मग एका वळणावर दुखायच्या थांबल्या. मला आधी बरं वाटलं. मग पाय उचलायला गेलो तर तो उचललाच गेला नाही, जणू दुसऱ्या कोणाचा पाय. आणि डॉक्टरांचं वाक्य आठवलं.

आता खरं सांगतो. खाली पाइनटाउनला कटऑफ होता. तोपर्यंत पोचलो नाही तर रस्ता बंद करतात. घड्याळात अजून वेळ होता, जोर लावला असता तर कदाचित झालं असतं. आणि डोक्यात वही. किलोमीटरला १,४५० रुपये. प्रत्येक पावलाला मी हिशेब करत होतो. भाची डोक्यात नव्हती, संस्था नव्हती. वही होती, आणि लोक काय म्हणतील ते होतं. मी रस्त्याच्या कडेला बसलो. स्वयंसेवकानं पाणी दिलं, पाय वर करून बसवलं. अकरा मिनिटं बसलो. मग चालत खाली गेलो. चार मिनिटांनी कटऑफ हुकला. दोरी आडवी लावलेली होती.

सुमारे ६६ किलोमीटर. उरले एकवीस.

तिथे न पोचलेल्यांसाठी बस असते, तिला 'बेलर बस' म्हणतात. ती बस म्हणजे एक जग आहे. कोणी बोलत नाही. माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ होते, त्यांची ती सोळावी कॉम्रेड्स, आणि तिसऱ्यांदा ते या बसमध्ये. त्यांनी मला अर्धा बटाटा दिला. मी तेव्हा रडलो.

बस आम्हाला किंग्समीड स्टेडियमवर घेऊन गेली, जिथे आमच्या वर्षीची शर्यत संपत होती. डर्बनमध्ये जूनमध्ये पाचनंतर लगेच अंधारतं. साडेपाचला एक अधिकारी येतो, येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो, आणि बंदूक झाडतो. पाठ करतो, कारण कोण किती जवळ आहे ते त्यानं बघायचं नाही. एक बाई दहा पावलांवर होत्या. त्या तिथेच थांबल्या, वाकल्या, मग उरलेली दहा पावलं चालत आल्या. लोकांनी सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना वाजवल्या.

एक अजून सांगण्यासारखं. १९७५ पर्यंत या शर्यतीत कृष्णवर्णीय आणि बायका यांना अधिकृतपणे भागच घेता येत नव्हता. रॉबर्ट मत्शाली नावाचा माणूस १९३५ ला तशीच पळून पूर्ण करून गेला, निकालात नाव नाही. आता त्याच्या नावाचं पदक देतात. हे मी त्या संध्याकाळी तिथे बसून वाचत होतो, पदकांच्या माहितीपत्रकावर. दुसरं काही करायला नव्हतं.

परत आलो. ग्रुपवर लिहिलं, ६६ ला थांबलो. लोक छान बोलले. कोणीतरी टेरी फॉक्सची आठवण काढली. कॅनडातला तो मुलगा, एक पाय कृत्रिम, कॅन्सरसाठी पैसे जमवायला १९८० ला देश पार करायला निघाला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला आणि थांबावं लागलं. मी म्हटलं, बाबांनो, त्याचा कॅन्सर परत आला होता, माझ्या मांड्या गेल्या होत्या. तुलना करू नका.

आणि हिशेब. २१ गुणिले १,४५०, तीस हजार चारशे पन्नास कमी. बहुतेकांनी पूर्ण ८७ चे पैसे टाकले. ज्यानं ही टूम काढली होती, तो मित्र सीए आहे. त्यानं बरोबर ३,३०० टाकले, ६६ गुणिले पन्नास, आणि खाली लिहिलं, 'प्रत्यक्ष कामानुसार.' मला त्याचा राग नाही आला. सगळ्यांत प्रामाणिक पावती तीच होती.

काकांनी काही टाकले नाहीत. म्हणाले, "उरलेले कधी पळतं?"

मला वाटलं गंमत करताहेत. पण भाचीनं ते धरून ठेवलं. म्हणाली, इथे पळ ना मामा, एकवीसच तर आहेत. पण एका अटीवर. त्या दिवशी तपासणी शिबिर ठेव, आणि मेसेज मी लिहिणार.

२ जुलै, रविवार. आदल्याच दिवशी पंतप्रधानांनी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली होती, २०४७ पर्यंत आजार संपवायचं लक्ष्य, सात कोटी लोकांची तपासणी. सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर. टेबल मांडताना संस्थेच्या बाईंनी तोच पेपर खाली अंथरला. पाऊस होता. मी फुटाळा ते अंबाझरी असे फेरे मारत होतो, हळू, मध्ये मध्ये चालत. भाची ॲक्टिव्हावर, रेनकोट घालून, दर फेरीला पाणी द्यायला. पळणं तिला जमत नाही, दम लागतो, थंडीत भिजणंही बरं नाही, ताई ओरडेल म्हणून दर वेळी छत्रीखाली उभी. एकवीस पूर्ण झाले तेव्हा तिनं काकांना फोन लावला. काकांनी ८,७०० टाकले.

शिबिरात त्या दिवशी ७३ जणांनी तपासणी केली. त्यात आमच्या सोसायटीतले दोघं वाहक निघाले. एकाचं लग्न ठरत होतं, तो होणाऱ्या बायकोला दुसऱ्या दिवशी घेऊन आला. तिचा रिपोर्ट नॉर्मल.

भाचीनं लिहिलेला मेसेज असा होता, तिच्या परवानगीनं सांगतो. पहिली ओळ, 'माझे मामा एएस आहेत, त्यांना ४४ व्या वर्षी कळलं, तुम्हाला कळलंय का?' तिच्याबद्दल एक शब्द नाही. ग्रुपवर टाकण्याआधी तिनं मला विचारलं, चालेल का? मी दोन दिवस विचार केला. मग म्हटलं, टाक. ऑफिसात तीन जणांनी विचारलं. दोघांनी तपासणी कुठे होते ते विचारलं. एकानं खांद्यावर हात ठेवून 'काळजी घे रे' म्हटलं, जणू मी उद्या जाणार आहे.

ताई शिबिराला आली नव्हती. दुपारी पोहे पाठवले, डब्यात, तर्रीसकट. संध्याकाळी डबा परत द्यायला गेलो. दार तिनंच उघडलं. डबा घेतला, पायाकडे पाहिलं, आत जाऊन गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

मग म्हणाली, "पुढच्या वेळी मेसेज आधी मला दाखव."